अनंताची फांदी

जव्हार, १२ जुलै १९९७

पुष्पे,

मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापा, हे सगळं तुझं तू वाटून घे. मला वेळ नाही. दूध तापत ठेवून लिहायला बसलेय.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. ‘सुखरूप पोचलो. ठाण्याची खोली बरी आहे. पाणी भरपूर. तुझी तब्येत कशी आहे?’ संपलं! इतकी वर्षं एका कुंपणाला दोन बाजूंनी टेकून बोललो, आणि तुला पोस्टकार्डाची पाठसुद्धा भरवली नाही. ते आधी सखा पोस्टमनने वाचलं, मग आमच्या ह्यांनी वाचलं, मग मला मिळालं. हे म्हणतात, “पुष्पावहिनी विचारताहेत, तब्येत कशी आहे.” मी म्हटलं, सांगा, उत्तम आहे.

तू निघालीस त्या दिवशी माझं डोकं खरंच दुखत होतं. स्टँडवर यायचं म्हणून साडीसुद्धा बदलली होती मी. नंतर दुखायला लागलं. विश्वास ठेवायचा तर ठेव, नाहीतर तुझ्या ह्यांना विचार, देवरामभावजींचा सगळ्यांवर विश्वास असतो.

आता तुझ्या लाडक्या हर्षदाचं ऐक. तुमच्या खोल्यांत भाड्याने येऊन तिला जेमतेम महिना होतोय, आणि आळीत जो तो हर्षदा हर्षदा करतोय. नाशिककडची आहे, बोलणं गोड आहे, नवरा पंचायत समितीत आहे. असू दे. मला त्याचं काही नाही. मला राग आहे तो वेगळ्या गोष्टीचा, आणि तो तुलाही माहीत आहे.

निघायच्या आदल्या दिवशी तू मागच्या अंगणात अनंताच्या झाडापाशी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होतीस. म्हणालीस, “हर्षदा, हा अनंत आता तुझा.” मी कुंपणाच्या अलीकडे कपडे वाळत घालत होते. अंगावर लाल साडी होती, दिसले नाही असं म्हणू नकोस. तू एकदा माझ्याकडे बघितलंस आणि परत तिच्याशी बोलायला लागलीस.

आपल्यात कधी कुणी कुणाला रोप दिलंय का गं? मागितलेलं रोप लागत नाही, हातात दिलेलं तर नाहीच नाही, आणि वर थँक यू म्हटलं की त्याच दिवशी माना टाकतं. तुझी आई मोखाड्याला हेच सांगायची. माझ्या सासूबाई जामसरहून येतात तेव्हा माझ्या कुंड्यांकडे बघून तेच म्हणतात, “चोरून आणलास ना गं? मंग लागंल.” म्हणून तर तू चहा टाकायला आत गेलीस की मी तुझी जास्वंद खुडायची, आणि मी पापड वाळवायला गच्चीवर गेले की तू माझा मोगरा. कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही. आपली दोघींची अर्धी बाग चोरीची आहे.

अनंत तेवढा मी कधी नेला नाही. नेऊन काय करायचं होतं? वास इकडे येतच होता. दोन घरांना एक झाड पुरत होतं.

आणि ते तू तिला दिलंस, तोंडाने! खरं तर वाळायला हवं होतं. वाळलं नाही मेलं. उलट यंदा फुलांनी वाकलंय.

दूध उतू गेलं. तुझ्यामुळे.

सुषमा

जव्हार, ३ ऑगस्ट १९९७

पुष्पे,

तुझं दुसरं पोस्टकार्ड. ‘पाऊस कसा आहे? बागेत नवीन काही लावलंस का?’ पाऊस नेहमीसारखा आहे. धुकं स्वयंपाकघरात शिरतं, कपडे शेगडीवर वाळवायचे, मिठाला पाणी सुटलंय. बागेत नवीन काही नाही. झालं समाधान?

त्याच दिवशी सखाने कुंपणापलीकडे हाक मारली, “हर्षदाताई, ठाण्याचं पत्र!” मी पाहिलं. निळं आंतरदेशीय होतं. कडा घट्ट बंद! आत कडेकडेनेसुद्धा लिहिलेलं असणार, तुझी सवय मला माहीत आहे. म्हणजे मला उघडं कार्ड आणि तिला चिकटवलेलं पत्र. तिच्याशी बोलायला तुला आडोसा लागतो आता. माझ्याशी काय, पाऊस कसा आहे!

हे म्हणाले, “त्यांच्या घराचं काहीतरी कळवायचं असेल. विजेचं बिल वगैरे.” यांना तहसील कचेरीत बसून सगळं जग बिल वगैरेच दिसतं.

ती बाई मला खिजवते, पुष्पे. तुला वाटेल सुषमा वाढवून सांगतेय. ऐक. संध्याकाळी मी पाणी काढायला मागे गेले की ती अंगणात असतेच. मला बघून कात्री कुंपणावर ठेवते. चांगली मोठी, झाडं छाटायची. आणि मोठ्याने म्हणते, “मी आत चाललेय हं! आता तासभर काही मी बाहेर येत नाही!” मी विचारलं होतं का? जा की. आत जाताना दार असं लावून घेते की सगळ्या आळीला कळावं. रोजचं झालंय. एकदा तर मुसळधार पावसात छत्री घेऊन बाहेर आली, कात्री ठेवली, ओरडली आणि आत गेली. नवऱ्याने बायकोकडे जरा लक्ष द्यायला हवं.

आणि अनंताच्या दोन कोवळ्या फांद्या सुतळीने वाकवून आमच्या बाजूला बांधल्यात. माझ्या मोरीच्या अगदी तोंडावर. म्हणजे भांडी घासतानाही मी बघत बसावं, हे झाड आता कुणाचं आहे ते. मी तिकडे पाठ करून भांडी घासते. कंबर मोडते, पण घासते.

गेल्या रविवारी शिरपामाळच्या टेकडीवर जायचं तिनेच काढलं. “पुष्पाताई सांगत होत्या, तुम्ही दोघी पावसाळ्यात एकदा जाताच.” सांगत होत्या! तुला काही स्वतःजवळ ठेवता येत नाही का? मी गेले. नाही गेले असते तर आळीला वाटलं असतं मी रुसलेय. वर धुकं होतं, मुंबईकडचे लोक फोटो काढत होते. तिने डब्यात नागलीच्या भाकरी आणल्या होत्या आणि रानातल्या शेवळांची भाजी. शेवळं, पुष्पे! नाशिककडची बाई! घशाला खाजणार म्हणून मी एवढासाच घास घेतला. मुळीच खाजली नाही. “खाज मारायला काकडाची फळं घातलीत भरपूर, पुष्पाताईंनी कळवलं होतं,” म्हणाली.

ती भाजी तुला मी शिकवली होती.

सुषमा

जव्हार, १४ सप्टेंबर १९९७

पुष्पा,

घरचे गणपती झाले. तुझ्याशिवाय झाले, काही अडलं नाही. आरतीला तुझ्या जागी हर्षदा उभी होती, टाळ चुकवत.

आज मी आनंदात आहे म्हणून लिहितेय. माझी पिवळी बटण शेवंती तुला आठवते ना? जिच्यासाठी तू दोनदा कुंपण चढलीस आणि दुसऱ्यांदा परकर फाडून घेतलास, तीच. काल हर्षदा दारात आली. म्हणाली, “सुषमाताई, तुमच्या शेवंतीचं एखादं रोप द्याल का? मला फार आवडली.”

सरळ मागितलं! तोंड उघडून! मी मनात म्हटलं, आली सापळ्यात.

मी म्हटलं, “अगं, एकच कशाला? ये ना.” तिला मागे नेलं. चांगले मुळ्या फुटलेले फुटवे स्वतःच्या हाताने काढले. ओल्या फडक्यात गुंडाळले. तिच्या दोन्ही हातांत ठेवले आणि म्हटलं, “घे, मी देतेय. मनापासून देतेय.” ती म्हणाली, “थँक यू हं, ताई.” मी म्हटलं, “पुन्हा म्हण.” ती हसली आणि पुन्हा म्हणाली. तीनतीनदा मारून ठेवलंय मी ते रोप. मागून, देऊन आणि थँक यू म्हणवून. आता काय बिशाद आहे जगायची!

ती जाताना म्हणाली, “तुम्ही किती चांगल्या आहात.” मी म्हटलं, आहेच मुळी.

तू मला वाईट म्हणशील. म्हण. तू अनंत दिलास, मी शेवंती दिली. तुझं देणं मनापासून होतं, माझंही होतं. मला एकदा तिच्या अंगणात काहीतरी वाळलेलं बघायचंय, बस.

यांना सांगितलं तर हे अर्धा वेळ हसत होते आणि अर्धा वेळ माझ्याकडे बघत होते. मग विचारलं, “तुला पुष्पावहिनींचा राग आहे की या पोरीचा?” मी म्हटलं, भाकरी गरम आहे, गप खा.

सुषमा

जव्हार, ११ डिसेंबर १९९७

पुष्पा,

शेवंती फुलली.

माझी नव्हे. माझ्या कुंडीत चार फुलं आलीत, तीही खाली मान घालून. तिची फुलली. नळाजवळ तिने वाफा केलाय, त्यात पानं दिसत नाहीत इतकी फुलं आहेत. रस्त्याने जाणारे थांबून बघतात. आज मार्गशीर्षातला गुरुवार, तर ही बया सकाळी न्हाऊन, ओल्या केसांनी, ताटलीत वेणी घेऊन माझ्या दारात. “ताई, तुमच्याच शेवंतीची. पहिली वेणी तुमच्या घटाला.”

मी ती घटाला वाहिली. देवाच्या नावाने आलेली वस्तू, मी काय करणार होते? पण पूजा करताना माझं लक्ष नव्हतं. कहाणीतली राणी कुठे गेली आणि कधी परत आली, मला आठवत नाही. जळत होते मी. लपवून काय करू?

मागितलेलं लागत नाही म्हणे. दिलेलं जगत नाही म्हणे. सासूबाईंना विचारणार आहे आता, हे कुणी सांगितलं होतं तुम्हाला?

तेही मी गिळलं असतं. पण ताटली परत घेताना ती म्हणाली, “ताई, एक मागू? तुमच्याकडे जादा गादी आहे ना? संक्रांतीला पुष्पाताई येणार आहेत चार दिवस. आमच्याकडेच उतरतील. आमच्याकडे एकच गादी आहे.”

तू येणार आहेस. मला तिच्याकडून कळतंय. आणि माझ्या गादीवर तू तिच्या घरात झोपणार आहेस!

माझ्या घरात काय साप सोडलेत मी? तुझ्या बाळंतपणानंतर तू माहेरी न जाता सव्वा महिना कुणाच्या खोलीत होतीस? तुझे सासरे गेले आणि देवरामभावजी गावाला होते, तेव्हा तुझ्याबरोबर रात्रभर कोण बसलं होतं? हर्षदा तेव्हा नाशिकला पाढे म्हणत होती.

खुशाल ये. माझ्या दारावरून मात्र जाऊ नकोस. तिकडून वरच्या आळीने जा, चढ आहे, दमशील, पण जा. हळदीकुंकवाला मी तुला बोलावणार नाही, आणि तिच्याकडे येणार नाही. वाण कुणालाही लुटा.

गादी मी देणार आहे. सुषमाने गादी दिली नाही, असं मला ऐकून घ्यायचं नाही.

सुषमा

जव्हार, २२ डिसेंबर १९९७

पुष्पे,

मागचं पत्र फाडून टाक. वाचून झालं असेलच, तरी फाड.

काल मी गादी दिली. दिली म्हणजे कुंपणावरून पलीकडे टाकली. ती पडली शेवंतीच्या वाफ्यावर. पुष्पे, मी मुद्दाम टाकली नाही. आता तू म्हणशील, मुद्दामच टाकली. थोडी मुद्दाम टाकली.

हर्षदा धावत बाहेर आली. मोडलेली फुलं पाहिली आणि तिथेच उभी राहून रडायला लागली. मी म्हटलं, “रडायला काय झालं? गादी हवी होती ना?”

ती म्हणाली, “ताई, तुम्हाला माझा एवढा राग का येतो?”

“राग? मला? तुझा?”

“अहो, मी अजून काय करायचं?” आणि मग त्या गरीब गायीने जे तोंड सोडलं! “पावसाळाभर कात्री ठेवली कुंपणावर. गंजली. फांद्या वाकवून तुमच्याकडे बांधल्या. ओरडून ओरडून आत गेले. आमचे हे विचारायला लागले, आत जाताना गावाला कशाला सांगतेस? आत बसून कान लावायचे मी, कात्रीचा आवाज येतोय का. एकदाही आला नाही!”

मी म्हटलं, “कसला आवाज?”

“फांदी तोडल्याचा! पुष्पाताईंनी मला बजावलं होतं. म्हणाल्या, सुषमाला अनंत द्यायचा नाही, दिला तर लागणार नाही. तिला ने असंसुद्धा म्हणू नकोस. नुसती पाठ फिरव, ती आपली आपण नेईल. झाड तुझं असलं तरच तिला चोरता येईल, म्हणून तुला देतेय. आणि प्रत्येक पत्रात एकच. सुषमाने फांदी नेली का? अजून नाही नेली? जेवते ना नीट? कंबर दुखतेय का तिची? मी काय लिहायचं? पाठ करून भांडी घासतात, एवढंच लिहायचे.”

मी कुंपणाला धरून उभी राहिले. तिने विचारलं, पत्रं दाखवू का. मी नको म्हटलं.

“मग हेच सरळ मला नसतं का लिहिता आलं तिला?”

“त्या घाबरतात तुम्हाला,” ती म्हणाली. “तुम्ही पोचवायला आला नाहीत ना. म्हणाल्या, गाडी सुटेपर्यंत मी खिडकीतून वाट बघत होते. कार्डावर चार ओळी लिहिते, जास्त लिहिलं आणि तिने उत्तरच दिलं नाही तर? म्हणाल्या, सुषमाने फांदी नेली की मला कळेल तिचा राग गेला. मग मी तिच्याकडेच उतरेन. फांदी गेली नाही म्हणून इथे उतरताहेत.”

आळीतल्या गोदीमावशी गॅलरीतून ऐकत होत्या. ऐकू देत.

आता खरं सांगू, मला पहिल्यांदा काय वाटलं? तुझी दया नाही आली. आनंदही नाही झाला. मला पुन्हा राग आला! एवढं सगळं, खिडकी, गाडी, माझी कंबर, हे सगळं तू तिच्याजवळ बोललीस. माझ्याबद्दल बोललीस, पण तिच्याजवळ! माझी मैत्रीण माझ्यासाठी रडली आणि ते बघायला मिळालं दुसरीला. हे कुठल्या तोंडाने कुणाला सांगू? तुलाच सांगतेय.

मग मी फाटकातून तिच्या अंगणात गेले. आम्ही दोघींनी गादी उचलली. मोडलेली फुलं वेचली, तिच्या परडीत भरली. ती अजून मुसमुसत होती. म्हणाली, “मला इथे असं जीव लावणारं कुणी नाही हो ताई. म्हणून तुमच्या दोघींमध्ये पडले.” मी तिच्या हातून गादीचं दुसरं टोक घेतलं. पोरगी बारीक आहे, गादी जड होती.

तर आता ऐक. डिसेंबर आहे. फांदी आता लागायची नाही, लावली तर वाळेल. तुला खूण पाठवायला माझ्याकडे पावसाळा उरलेला नाही, आणि संक्रांत पुढच्या महिन्यात आली. म्हणून मला हे तोंडाने बोलावं लागतंय, आणि लिहिताना हात अवघडतोय.

राग गेलेला नाही, पुष्पे. थोडा आहे. तो मी तू आल्यावर काढीन, तुझ्यासमोर, जेवताना. पण तू माझ्याकडे उतर. मी मागतेय. गादी परत आणलीय, उन्हात टाकलीय, एक बाजू फुलांनी पिवळी झालीय ती खाली घालीन. हर्षदा आणि तिचा नवरा दोन्ही वेळा आपल्याकडेच जेवतील, तिलाही तू हवी आहेस, मला दिसतं ते. मी काही आंधळी नाही.

तिला मोठी पत्रं लिहीत जा. मी काही म्हणणार नाही. मलाही लिही. पण माझी तिच्यापेक्षा थोडी जास्त हो. फार नको. कुणाच्या लक्षात येणार नाही इतकी चालेल. मला कळलं की पुरे.

सुषमा